आपल्या गावातून गेलेला फोन

ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर रात्री धाड घातली आणि सातशेहून अधिक तरुण मुलामुलींना एका झटक्यात ताब्यात घेतलं. त्यांतल्या सत्तर जणांना लगेच अटक झाली. ही मुलं रात्रभर अमेरिकेत फोन लावत होती. आपण तिथल्या करखात्याचे अधिकारी आहोत असं सांगत होती, आणि थकबाकी आत्ताच्या आत्ता भरली नाही तर पोलीस दारात येतील असा दम देत होती. आमच्या भागात पुढे कित्येक दिवस दुसरा विषय नव्हता. किती जण उचलले, म्होरक्या कोण, त्याच्याकडे गाड्या कुठल्या, तो दुबईला निसटला कसा. पुढच्या एप्रिलमध्ये तो मुंबई विमानतळावर पकडला गेला तेव्हा पुन्हा तीच चर्चा रंगली. मी त्या सगळ्या बोलण्यात होतो, चवीने होतो. आणि त्या साऱ्या काळात फोनच्या पलीकडे बसलेल्या माणसाचा विचार माझ्या मनाला शिवला नाही.

का शिवला नाही, हे मला आज स्वतःला विचारायचं आहे.

मी निर्दय माणूस आहे असं मला वाटत नाही. शेजारच्या आजींच्या पर्समधून लोकलच्या गर्दीत पेन्शनचे पैसे गेले, तेव्हा मी दोन दिवस अस्वस्थ होतो. मग समुद्रापलीकडच्या एखाद्या आजींची आयुष्यभराची पुंजी माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर बसलेल्या कुणीतरी काढून घेतली, हे कळल्यावर मी अस्वस्थ का झालो नाही? ती दिसत नव्हती म्हणून? की ती अमेरिकन होती, आणि अमेरिकन माणसाचा पैसा गेला तर त्याचं फार काही बिघडत नाही असं मी मनात कुठेतरी धरून बसलो होतो? दुसरं कारण जास्त खरं आहे, असं आता वाटतं.

मी इंग्रजीचा शिक्षक होतो. विरार ते बोरिवली या पट्ट्यातली मुलं माझ्या वर्गात असत. त्यांतली बरीच जण कॉल सेंटरच्या रात्रपाळीत गेली, आणि बहुतेक सगळी चांगल्या, सरळ कामात गेली, हे आधीच सांगायला हवं. बँकांची, विमान कंपन्यांची, संगणक कंपन्यांची खरीखुरी ग्राहकसेवा आपल्या मुलांनी रात्र रात्र जागून सांभाळली आहे. पण काही जण त्या दुसऱ्या जागीही गेले. त्यातला एक पुढे बऱ्याच काळाने स्टेशनवर भेटला. ते काम सोडून तो एका औषध कंपनीत लागला होता. मी विचारलं नव्हतं, तरी तो आपण होऊन बोलला. ‘सर, पहिल्या आठवड्यातच कळतं. पण तेव्हा पहिला पगार व्हायचा असतो. मग इन्सेंटिव्ह सुरू होतं. मग आपण स्वतःला विचारणं बंद करतो.’

त्याच्या बोलण्यानंतर मी हा धंदा चालतो कसा, हे मुळापासून समजून घेतलं. समजून न घेता नुसती हळहळ करणं मला सोपी पळवाट काढण्यासारखं वाटलं.

करखात्याची बतावणी हा या धंद्याचा एक प्रकार. खुर्च्या त्याच, हेडफोन तेच, डायलर तोच. समोरच्या कागदावरची स्क्रिप्ट बदलली की तीच मंडळी ‘विंडोज सपोर्ट’ होतात, नाहीतर ॲमेझॉनची ग्राहकसेवा, नाहीतर बँकेचा सुरक्षा विभाग. यातला ‘टेक सपोर्ट’चा प्रकार जुना आहे आणि माझ्या मते सगळ्यांत क्रूर आहे, कारण तो मदतीच्या रूपाने येतो. सुरुवातीला थेट फोन यायचा: तुमच्या संगणकावरून आम्हाला धोक्याचे संदेश येत आहेत. मग समोरच्याला एक-दोन कळा दाबायला लावून विंडोजमधला ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडायला सांगायचं. तिथे लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी दिसते. ती प्रत्येक धडधाकट संगणकात दिसते. किरकोळ नोंदी असतात त्या. पण सत्तरीच्या माणसाला सांगितलं जातं की हे सगळे व्हायरस आहेत. दुसरी एक कमांड आहे, तिने उघडणाऱ्या तक्त्यात एका रकान्याचं नाव ‘फॉरेन ॲड्रेस’ असं असतं. त्याचा अर्थ इतकाच की संगणक दुसऱ्या कुठल्या संगणकाशी जोडलेला आहे. आपली मुलं तो रकाना दाखवून सांगत, बघा, परदेशी लोक तुमच्या संगणकात शिरलेत. घाबरलेला माणूस मग दुरून संगणक हाताळू देणारं सॉफ्टवेअर टाकून घेतो आणि सगळा कारभार अनोळखी हातांत देतो. ऐन वेळी कुणी पैसे द्यायला नकार दिलाच, तर काही जण विंडोजमधल्या ‘सिसकी’ नावाच्या सोयीने पासवर्ड लावून त्याचा संगणकच बंद पाडत. नातवंडांचे फोटो, पत्रं, हिशेब सगळं आत अडकलेलं. ही सोय मायक्रोसॉफ्टला शेवटी २०१७ मध्ये विंडोज १० मधून काढून टाकावी लागली.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑक्टोबर २०१२ मध्ये अशा सहा टोळ्यांवर कारवाई केली. त्यातल्या बहुतेक भारतातून चालत होत्या. न झालेला बिघाड दुरुस्त करण्याचे त्या ४९ पासून ४५० डॉलरपर्यंत घेत असत. आज ती रक्कम किरकोळ वाटते. पुढे तर फोन करायचीही गरज उरली नाही. संगणकाच्या पडद्यावर एकदम इशारा झळकतो, भोंगा वाजायला लागतो, खाली एक टोल-फ्री नंबर असतो, आणि घाबरलेला माणूस स्वतःच फोन लावतो. ज्याने स्वतः फोन लावला त्याचा विश्वास आधीच बसलेला असतो.

पण मला खरोखर हलवून गेला तो ‘रिफंड’चा प्रकार. तुमचे तीनशे डॉलर परत द्यायचे आहेत, असं सांगून संगणकाचा ताबा घेतात. म्हाताऱ्या माणसाला बँकेचं खातं उघडायला लावतात. मग पडदा काळा करून त्याच्याच एका खात्यातले पैसे दुसऱ्या खात्यात सरकवतात, किंवा पानावरचा आकडाच बदलतात, आणि ओरडतात: अरे देवा, तीनशेऐवजी तीस हजार गेले! आता माझी नोकरी जाणार, मला लहान मुलं आहेत, वरचे पैसे कृपा करून परत करा. आणि तो माणूस करतो. गिफ्ट कार्डं विकत घेऊन त्यांवरचे नंबर फोनवर वाचून दाखवतो, रोकड खोक्यात बांधून पाठवतो. तो हे लोभापायी करत नाही. कुणाच्या तरी पोरांचं अन्न आपल्यामुळे जाऊ नये म्हणून करतो.

हे समजल्यापासून ‘लोक इतके मूर्ख कसे असतात’ हे वाक्य मी तोंडातून काढलेलं नाही. ज्याची फसवणूक झाली तो मूर्ख नव्हता, तो भला होता, आणि त्याच्या भलेपणाचं नेमकं माप घेऊन स्क्रिप्ट लिहिली गेली होती. माझ्या आईला असा फोन आला असता तर तिनेही पैसे परत केले असते. असे संस्कार जिथे टिकून आहेत तिथेच हा धंदा पिकतो.

एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे केंद्राच्या २०२४ सालच्या अहवालात एकट्या ‘टेक सपोर्ट’ फसवणुकीतलं नुकसान १.४६ अब्ज डॉलर नोंदलं आहे. तक्रार करणारे तेवढेच मोजले जातात; शरमेने गप्प बसणारे त्यात नाहीत. सर्वांत मोठा वाटा साठीच्या पुढच्या माणसांचा आहे. हे सगळं भारतातून होतं असं नाही. पण आपला त्यात मोठा हात आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आता माझ्या सबबींकडे येतो. त्या मी वर्षानुवर्षं बाळगल्या, आणि त्या माझ्या एकट्याच्या नाहीत. त्यांची बँक पैसे परत देत असेल, ही पहिली. गिफ्ट कार्डाचा नंबर एकदा वाचून दाखवला की तो पैसा सहसा परत येत नाही. त्यांनी आपल्याला कमी लुटलं का, ही दुसरी. इतिहासातल्या लुटीची वसुली एखाद्या निवृत्त नर्सकडून करायचा, हा कुठला न्याय? तिसरी सबब जरा टणक आहे: तिथल्या कंपन्याही हेच करतात. हे खरं आहे. ऑफिस डेपो नावाची मोठी अमेरिकन दुकानसाखळी आणि तिची सहयोगी कंपनी यांनी मिळून २०१९ मध्ये साडेतीन कोटी डॉलर भरून तडजोड केली. ग्राहकांचे संगणक ‘तपासून’ त्यांत नसलेला दोष दाखवल्याचा आरोप त्यांच्यावर होता. हे वाचून मला क्षणभर बरं वाटलं होतं, हे कबूल करतो. त्यांचेही हात बरबटलेले आहेत हे पाहून मला बरं का वाटावं? माझ्या हाताला लागलेलं त्याने कसं निघेल?

याहून फसवी एक भावना आहे आणि ती ओळखायला मला फार वेळ लागला. २०२० मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ने गुरुग्रामच्या अशा एका कॉल सेंटरमधलं आतलं चित्रीकरण दाखवलं. त्याची चर्चा वाचून मी संतापलो. आपल्या देशाचं नाव खराब केलं या लोकांनी! परदेशात आपल्या उच्चारातला माणूस फोनवर बोलला की आता लोक फोन ठेवून देतात. प्रामाणिक काम करणाऱ्या मुलांना त्याची किंमत मोजावी लागते, आणि हे दुःख खरं आहे. पण माझा तो संताप विवेकाचा नव्हता. बदनामी झाली नसती तर मला काही वाटलं असतं का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला, आणि उत्तर ‘नाही’ असं आलं. नाव खराब झालं याचं दुःख आणि माणूस बुडाला याचं दुःख, यांतलं पहिलं मला लगेच झालं आणि दुसरं शिकून घ्यावं लागलं.

मुलांबद्दल काय म्हणावं? धाड पडते तेव्हा खुर्चीत बसलेली मुलं सापडतात. वीस-बावीस वर्षांची, कुणी शिक्षण अर्धवट सुटलेलं, कुणी घरचं कर्ज फेडणारं. शिक्षक म्हणून माझा जीव त्यांच्यासाठी तुटतो. मी त्यांना उच्चार शिकवले, समोरच्याचं बोलणं तोडू नका असं शिकवलं, आवाजात आपुलकी ठेवा असं सांगितलं. यातलं काहीच चुकीचं नव्हतं, आणि यातलं सगळं तिथे कामाला आलं. त्यांना दोषातून सोडवायचा मोह मला होतो. पण मग मला म्यानमारची आठवण होते. मार्च २०२५ मध्ये तिथल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवरून पाचशेहून अधिक भारतीयांना सरकारने विमानाने परत आणलं. नोकरीच्या आमिषाने नेलेले कितीतरी तरुण अशा अड्ड्यांवर पासपोर्ट काढून घेऊन, मारहाण करून डांबले गेले आहेत. त्यांची असहायता खरी होती. आपल्या शहरांतली मुलं सकाळी कंपनीच्या कॅबने घरी येत होती. आईच्या हातचं जेवून झोपत होती. त्यांच्या पायात बेडी नव्हती. गरज होती, आणि गरजेचा दाब मी कमी लेखत नाही, पण पहिल्या आठवड्यात कळतं आणि दुसऱ्या आठवड्यातही माणूस जातो, तेव्हा त्याने काहीतरी निवडलेलं असतं. हे त्याला न सांगणं म्हणजे त्याला लहान मूल समजणं. माझा विद्यार्थी हे स्वतः सांगू शकला, म्हणून तो तिथून बाहेर पडू शकला असं मला वाटतं.

शिक्षा मात्र खुर्चीवर थांबू नये, असं माझं ठाम मत आहे. जो जागा घेतो, जो लोकांचे नंबर विकत घेतो, जो गिफ्ट कार्डांचे पैसे हवालामार्गे इकडे आणतो, तो धाडीच्या वेळी क्वचितच त्या मजल्यावर असतो. अमेरिकेने अहमदाबादच्या अशाच जाळ्याबाबत ऑक्टोबर २०१६ मध्ये ६१ जणांवर व संस्थांवर आरोप ठेवले आणि जुलै २०१८ मध्ये तिथल्या न्यायालयाने २१ जणांना शिक्षा सुनावल्या, काहींना वीस वर्षांपर्यंत. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ड कलमाखाली संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवल्यास जास्तीत जास्त तीन वर्षं, आणि फसवणुकीच्या मोठ्या कलमाखाली सात. शिवाय फिर्यादी समुद्रापलीकडे. पोलीस ठाण्यात येऊन तक्रार लिहून देणारं कुणी नसतं, साक्षीला उभं राहणारं कुणी नसतं. म्हणून २०१८ मध्ये गुरुग्राम-नोएडात कारवाई झाली ती मायक्रोसॉफ्टच्या तक्रारींवर, आणि २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’मध्ये देशभर ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या त्यांतही मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारी होत्या. कंपनीला आपल्या नावाची काळजी आहे, म्हणून ती तक्रार करते. आजींच्या वतीने तक्रार करणारा इथे कोण?

या कारवाया महाराष्ट्रापासून दूर नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये सीबीआयने पुणे, हैदराबाद आणि विशाखापट्टणम इथल्या कॉल सेंटरांमधून २६ जणांना पकडलं. ऑगस्ट २०२५ मध्ये इगतपुरीच्या एका रिसॉर्टमध्ये ॲमेझॉनची ग्राहकसेवा असल्याचं भासवणारं केंद्र उघडकीला आलं. डोंगरातल्या, पावसाळी सहलीला आपण जातो त्या जागेत रात्री साठेक माणसं हेडफोन लावून बसतात, त्यांना जेवण लागतं, इंटरनेट लागतं, जनरेटर लागतो. हे सगळं पुरवणारी माणसं गावातली. एखाद्या इमारतीत संध्याकाळी माणसं शिरतात आणि पहाटे बाहेर पडतात, दारावर पाटी नाही, भाडं बाजारभावाच्या दीडपट. हे वॉचमनला दिसतं, चहावाल्याला दिसतं, सोसायटीच्या कमिटीला दिसतं. मलाही अशा इमारती दिसल्या आहेत. मी ‘आपल्याला काय करायचंय’ असं म्हणून पुढे गेलो. कायद्याने यात माझा गुन्हा नाही. पण मी इथे न्यायालयापुढे बोलत नाही.

आणि मग ती वेळ आपल्यावर आली. ‘डिजिटल अरेस्ट’चे फोन पुण्या-मुंबईतल्या निवृत्त प्राध्यापकांना, डॉक्टरांना, विधवा बायांना येऊ लागले. पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले, कॅमेऱ्यासमोरून उठू नका, कुणाला सांगू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांना ‘मन की बात’मध्ये यावर बोलावं लागलं. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन तपास सीबीआयकडे दिला. केंद्र सरकारने संसदेत सांगितल्याप्रमाणे २०२४ या एका वर्षात भारतीयांनी सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटींहून अधिक रुपये गमावले. माझ्या ओळखीतल्या एका बाईंची मुदतठेव मोडून गेली. त्या दिवसांत माझा संताप खरा होता, झोप उडवणारा होता. मग मला मीरा रोड आठवलं. बनावट अधिकारी, बनावट वॉरंट, अर्ध्या तासाची मुदत. सारं तेच होतं. फक्त फोनची दिशा बदलली होती. ती दिशा बदलण्याआधी आठ वर्षं हे सगळं आपल्या शेजारी चाललं होतं. तेव्हाच आपण आवाज उठवला असता तर आपली माणसं वाचली असती, असं म्हणायचा मला मोह होतो. पण त्यातही पुन्हा आपलीच माणसं आली. आवाज तेव्हाही उठवायला हवा होता, त्या आजींसाठी, आपल्याला त्यातून काही मिळणार नसतं तरी.

पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त. संशयित फोनची नोंद ‘संचार साथी’वर करता येते. एवढं आता बहुतेकांना ठाऊक आहे. माझी विनंती वेगळी आहे आणि ती या धंद्याच्या आपल्या बाजूला उभ्या असलेल्यांना आहे. जागा भाड्याने देताना रात्री तिथे कसलं काम चालणार आहे ते विचारा, आणि उत्तर पटलं नाही तर जास्तीचं भाडं सोडून द्या. शिक्षकांनो, इंग्रजी संभाषणाच्या वर्गात एक तास या विषयाला द्या. कागदावरची स्क्रिप्ट कशी ओळखायची ते मुलांना नोकरी लागण्याआधी सांगा. आणि आईबाबांनो, मुलगा पहिला पगार हातात ठेवेल तेव्हा पेढे वाटा, पण त्याला हेही विचारा: बाळा, तू रात्रभर कुणाशी बोलतोस, काय सांगतोस, आणि तू फोन ठेवल्यावर त्या माणसाचं काय होतं?